पणदऱ्याच्या देव्हाऱ्यातली गिनी

लोक काश्मीरला जातात, काशी-रामेश्वर करतात आणि परत आल्यावर चार पाने लिहितात. मी बारामती आणि इंदापूरला जाऊन आलो. तिथे हिमशिखरे नाहीत, गोपुरे नाहीत आणि पुण्याहून अंतर इतके थोडे की त्याला प्रवास म्हणायला आमच्या घरात कोणी तयार नाही. "बाजारला जाऊन आलात असं म्हणा," हे आमच्या मंडळींचे मत. पण मी सोन्याच्या शोधात गेलो होतो. सोन्याच्या शोधात गेलेल्या माणसाने वर्णन लिहायचे नाही, तर मग लिहायचे कोणी?

तेव्हा आधी त्या सोन्याविषयी. पंधरा वर्षांपूर्वी मी मुंबईच्या टाकसाळीत नोकरीला होतो. लढाईचे शेवटचे वर्ष. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या, सोने विलायतेला पाठवायची सोय नव्हती आणि इकडे रुपये पाडायला चांदी पुरत नव्हती. म्हणून सरकारने ठरवले की विलायती गिन्या मुंबईतच पाडायच्या. त्यांचे ठसे लंडनहून यायचे होते, ते वेळेवर आले नाहीत. मग तोवर पंधरा रुपयांच्या मोहरा पाडल्या. शेवटी ठसे आले आणि गिन्या सुरू झाल्या. एका बाजूला बादशहाचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगरासारख्या कसल्याशा प्राण्याला मारणारा साहेबांचा संत. लंडनच्या आणि आमच्या गिनीत फरक एवढाच, की घोड्याच्या पायांखाली, सालाच्या आकड्यांवर, हिंदुस्थानचे म्हणून एक तिळाएवढे इंग्रजी 'आय' अक्षर.

या सगळ्या थाटात माझे काम काय होते? नाद ऐकणे. पाडलेले नाणे ऐरणीवर टाकायचे. खणखणीत वाजले तर उजवीकडे, बद्द वाजले तर पुन्हा वितळायला. दिवसभर हेच. त्यात माझा डावा कान गेला. घरात आमची मंडळी माझ्या डाव्या बाजूला बसतात की मीच त्यांना तिथे बसवतो, यावर अजून एकमत झालेले नाही. इतके सोने हातांखालून गेले, पण त्यातले एक नाणे आपले व्हावे अशी ऐपत काही आली नाही. संध्याकाळी निघताना दारावर तोंडसुद्धा उघडून दाखवावे लागे.

दोन वर्षांपूर्वी साहेबाने पौंडाची आणि सोन्याची फारकत केली, आणि सोन्याचा भाव असा चढला की गावोगाव लोक गळ्यातले काढून सराफाच्या तागडीत टाकू लागले. गिन्यांच्या माळा मुशीत, मुशीतून लगडी, लगडी बोटीवर. दर आठवड्याला वर्तमानपत्रात किती सोने गेले ते छापून येई आणि मी चहा गार होईपर्यंत वाचत बसे. आपण वाजवून घेतलेल्या गिन्यांपैकी एकही या देशात उरणार नाही, या विचाराने माझी झोप उडाली. एक तरी 'आय'ची गिनी मिळवायची, या हट्टाने पेन्शनीतून साठवलेले पैसे बंडीच्या आतल्या खिशात शिवून घेतले, भिंग घेतले आणि माघ महिन्यात निघालो.

बारामती

दौंडपासून बारामतीपर्यंत छोटी गाडी आहे. ती कशी चालते ते सांगत नाही. ती चालते, हेच पुष्कळ. शेजारच्या बाईंची वांग्यांची पाटी माझ्या मांडीवर आणि माझी टोपी त्या पाटीत, असा आमचा संसार बारामतीपर्यंत सुखाने झाला. उतरताना मी टोपी घातली आणि स्टेशनवर न्यायला आलेले बापूराव हसू लागले. बापूराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचे तिथे कापडाचे दुकान आहे. टोपीत एक वांगे तसेच राहिले होते. आमच्या बहिणीने रात्री त्याचे भरीत केले, म्हणजे फुकट काही गेले नाही.

बारामतीला गुळाचा वास येतो. कालव्याच्या पाण्याने सगळा मुलूख उसाचा झालाय आणि माघात गुऱ्हाळे जोरात असतात. चहात गूळ, आमटीत गूळ, पाण्याबरोबर गूळ. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. इथे विचारण्याची पद्धतच नाही, पेला हातात येतो. तिसऱ्या पेल्यानंतर मी नको म्हणालो तेव्हा बहिणीला वाटले, माझी तब्येत बिघडली.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे गेलो. शेगडी फुललेली, मूस लाल झालेली आणि शेजारी पितळी परातीत गिन्या. मी भिंग काढून बैठक मारली. लंडनच्या, सिडनीच्या, मेलबर्नच्या. जगातल्या सगळ्या टाकसाळी त्या परातीत होत्या, फक्त माझी नव्हती.

"अक्षर बघून काय करणार?" सराफ म्हणाले. "मुशीत गेल्यावर सगळी अक्षरं सारखीच. इंदापूरला बघा. तिकडचा माल अजून निघतोय."

इंदापूर

इंदापूरला सर्व्हिस मोटार जाते. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली की नाही ते फक्त ड्रायव्हरला कळते. निमगाव केतकीजवळ तिचे चाक पंक्चर होऊन बसले. निमगावला पानमळे आहेत, तेव्हा चाक उभे राहीपर्यंत आम्ही सगळे उतारू एका मळेकऱ्याच्या झाडाखाली पान खात बसलो. इतके कोवळे पान मी जन्मात खाल्ले नव्हते. त्याच्या भरात चुना जास्त झाला आणि इंदापूरला पोचेपर्यंत माझी जीभ भाजून निघाली. पुढचे सगळे बोलणे मला बोबडे करावे लागले.

तिथल्या सराफाच्या पेढीवर मी भिंग काढले मात्र, बाहेर बोभाटा झाला की मुंबईचा दलाल आलाय. अर्ध्या तासात पेढीपुढे गर्दी. एका बाईने पलटणीतल्या नवऱ्याच्या कोटाचे पितळी बटण आणले. एकाने मुलामा दिलेला राणीछाप रुपया आणला आणि मी तो परत केला तेव्हा मलाच लबाड म्हणाला. एका आजोबांनी काही आणले नव्हते, त्यांनी नुसते तोंड उघडून सोन्याचा दात दाखवला आणि "ह्याचं काय देता?" म्हणून विचारले. मी बोबड्या जिभेने "मी दलाल नाही" असे सांगत होतो आणि लोक म्हणत होते, भाव पाडायला वेड पांघरतोय.

त्यात एक मिशाळ गृहस्थ पुढे आले. उभा जन्म भीमथडीच्या तट्टांची खरेदी-विक्री करण्यात गेलेला. त्यांनी माझ्या हातातली सराफाची गिनी घेतली, उन्हात धरली आणि मान हलवली.

"घोडं बरं हाय. पर वर बसलेला कोन? खोगीर न्हाय, रिकीब न्हाय, अंगात कापड न्हाय, डोस्क्यावर तेवढं टोपडं. सायबाचा देव हाय का तुरुंगातनं पळालेला कैदी?"

मी संताची बाजू मांडायला गेलो, पण जीभ साथ देईना. संध्याकाळच्या मोटारीने रिकाम्या हाताने बारामतीला परतलो.

पणदरे

दुसऱ्या दिवशी बापूरावांच्या दुकानात तक्क्याला टेकून मी माझ्या मोहिमेची रडकथा ऐकवत होतो. समोर पणदऱ्याचे एक बागाईतदार पोरीच्या लग्नाची लुगडी बघत बसले होते. गावात त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी लुगडे बाजूला ठेवले.

"पाव्हणं, तुमी टाकसाळीत व्हता? मुंबयच्या?"

"होय."

"मंग माझ्यासंगं चला. आमच्या घरात एक भांडान लागलंय, ते तुमच्याबिगर मिटायचं न्हाय."

भांडण असे होते. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक म्हणून जो देव पुजला जातो, तो गिनी आहे. इतरांच्या घरी चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोड्यावरचा खंडोबा असतो, यांच्याकडे विलायती. लग्नाआधी घरचे देव सोनाराकडे नेऊन उजळून आणायची चाल आहे. सोनाराने देव हातात घेतला आणि तात्यांच्या कानात सांगितले, अहो, ही गिनी आहे, भाव चढलाय, विका आणि चांदीचा टाक करून घ्या. तात्यांच्या मनात कधीपासून ऊस गाळायचा भाड्याचा चरक सोडून घरचा लोखंडी चरक घ्यायचे होते. पण म्हातारी आई अडून बसली होती: देव विकायचा न्हाय. शेवटी माय-लेकांचे ठरले की एखादा जाणता माणूस जे सांगेल ते खरे. नाणे म्हणाला तर विकायचे, देव म्हणाला तर ठेवायचा.

"त्यावर अक्षर आहे का?" मी विचारले.

"बारीक कायतरी हाय. सोनार म्हनला, मुंबयचं."

मी उठून उभा राहिलो आणि चपला शोधू लागलो. आणि मला कोणी न्यायाधीश म्हणून नेत आहे! न्यायाधीशाच्या बंडीत पैसे शिवलेले होते.

पणदऱ्याला आम्ही बैलगाडीतून कालव्याच्या काठाने गेलो. रात्री गुऱ्हाळावर काहिलीतल्या गरम गुळाचा गोळा, भाजलेल्या शेंगा, बाजरीची भाकरी आणि ठेचा. निमगावच्या चुन्यातून जी जीभ वाचली होती, ती ठेच्यात गेली. मला झोपायला घोंगडी दिली आणि मी गिनीचे स्वप्न बघत पडलो.

सकाळी आंघोळी झाल्यावर म्हातारीने देव्हारा उघडला. ठेंगणीशी, पाठीत वाकलेली, पण नजर अशी की मी नकळत टोपी नीट केली. तिने भंडाऱ्यात माखलेला देव बोटांनी हलकेच उचलला, पदराने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

आता माझी सवय. नाणे हातात आले की त्याचे काय करायचे हे हाताला आपोआप कळते. मी ते उंबऱ्याच्या दगडावर टाकले.

खण्ण. काय गोड नाद! उजव्या कानातून पार पोटात गेला.

"खणखणीत आहे," मी आनंदाने म्हणालो आणि मान वर केली. तात्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. तात्या भिंतीकडे बघत होते.

"देव आपटला की रं ह्यानं!" म्हातारी देव उचलत म्हणाली.

"आई, रागावू नका. टाकसाळीत आम्ही असंच करायचो."

"तितं देव आपटत्यात व्हय?"

"रोज," मी म्हणालो. याहून शहाणे उत्तर त्या वेळी सुचले नाही.

तात्यांनी संधी साधली. "आये, देव आसता तर जाणत्या मानसानं आपटला आसता का? नाणं हाय म्हनून तर आपटलं. पाव्हणं, तिला सांगा त्यो घोड्यावरचा कोन हाय ते. सगळं सांगा."

हा मला मोठा आधार वाटला. मी मांडी घातली. व्याख्यान द्यायची हौस मला जन्मजात आहे. ऐकणारे मिळत नाहीत एवढीच अडचण. मी सांगितले, हा साहेबांच्या देशातला एक संत. म्हातारीने विचारले, संत, मग हातात तलवार कशी? मी म्हणालो, हा लढवय्या संत होता. एका गावाबाहेर एक भयंकर राक्षसी प्राणी राहायचा. तो माणसे खायचा. रोज एकाची पाळी. एके दिवशी राजाच्या मुलीची पाळी आली. तेव्हा हा घोड्यावर बसून आला, त्याने त्या राक्षसाला घोड्याखाली तुडवला आणि मुलीला सोडवली. सांगताना मी असा रंगलो की राक्षसाच्या जागी उशी घेऊन तीही तुडवून दाखवली.

म्हातारी शांतपणे ऐकत होती. मी थांबल्यावर तिने लेकाकडे पाहिले.

"ऐकलंस? घोड्यावर बसून आला, राक्षस मारला, गाव राखलं. आरं, मनी आन् मल्ल दैत्य मारलं त्येच की ह्ये. दुसरा दैत्य तेवढा ह्या नाण्यावर मावला नसंल."

"आये, त्यो विलायतंचा हाय!"

"मानसं विलायतंला जात्यात, आता सोनं चाललंया. देव गेला आसंल तर त्येला काय तिकीट लागतंय?"

तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी उशी खाली ठेवली. ज्या गोष्टीने गिनी माझ्या खिशात यायची, ती गोष्ट मीच सांगून तिला देव्हाऱ्यात परत बसवली होती. अशी वकिली करणाऱ्याला पक्षकार मिळत नाहीत यात नवल नाही.

"आणि मागच्या बाजूला बादशहा आहे, त्याचं काय?" मी क्षीणपणे विचारले.

"त्यो खाली तोंड करून आस्तो," म्हातारी म्हणाली. "त्येच्याकडं कोन बगतंय?"

मग ती माझ्याजवळ सरकली. नेमकी डाव्या बाजूला. मी वळून उजवा कान पुढे केला.

"मानमोडीच्या साथीचं साल व्हतं, बाबा. घरटी मानसं मरत व्हती. सरन रचायला लाकडं न्हवती. माझा मालक बारामतीला गूळ घिऊन गेला. बाजारात रुपयं न्हवतं, व्यापाऱ्यानं ही दिली. मालक घरी आला तवा ही माझी नात, मंजुळा, आठ म्हयन्यांची, तापानं फनफनत व्हती. दूध न्हाय, रडनं न्हाय. मालकानं दिव्याजवळ ही बगितली, घोडं दिसलं. म्हनला, मल्हारी आपल्या पायानं घरी आलाय. पोरीच्या कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठिवली. पोरगी राह्यली. दुसऱ्या आठवड्यात मालक गेला." तिने गिनी पुन्हा पदराने पुसली. "आता तुमी सांगा. नाणं म्हनला तर घिऊन जावा. मी आडवी यायची न्हाय."

आणि तिने ती पुन्हा माझ्या तळहातावर ठेवली.

मी भिंग लावले. पंधरा वर्षांच्या चिंचेने आणि राखेने घोडेस्वाराचे नाक झिजले होते, पण घोड्याच्या पायांखाली ते अक्षर होते. 'आय'. माझी गिनी. त्या साली मी ऐरणीवर टाकली, ऐकली आणि उजवीकडे सरकवली, त्यांतलीच एक. खोटे कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटले. तात्या म्हणाले, "बाजारच्या भावानं तुमालाच देतो, आत्ताच्या आत्ता." बंडीचा खिसा मला छातीशी टोचू लागला. एक शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द खोटाही नव्हता.

तेवढ्यात आतून कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन आले. नवी काकणे, केस तेलाने चप्प बसवलेले, लग्न ठरल्यामुळे उगीच गंभीर चेहरा. हीच मंजुळा. तिने तांब्या ठेवला, माझ्या हातातल्या देवाकडे पाहिले आणि खाली मान घालून तिथेच उभी राहिली.

"आई," मी म्हणालो, "टाकसाळीतून बाहेर पडलं तेव्हा ते नाणं होतं. एवढंच मला ठाऊक आहे. इथं आल्यावर त्याचं काय झालं ते टाकसाळीला कसं ठाऊक असणार?"

तात्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला. म्हातारीने देव माझ्या हातातून घेतला आणि विचारले, "ह्यो तुमच्या मुंबयचाच का?"

"आमचाच. मी तिथंच होतो तेव्हा."

"म्हंजे तुमच्या हातनं आला."

"मी फक्त वाजवून बघत होतो, आई. घडवणारे दुसरे."

तिने काही ऐकून घेतले नाही. टाक घडवणाऱ्याला लग्नाआधी शिधा आणि मान द्यायची त्यांची चाल आहे, आणि पंधरा वर्षे या देवाचा घडवणारा कोण ते कोणाला माहीत नव्हते. तो मान राहून गेला होता. मला पाटावर बसवले, टिळा लावला. नारळ, तांदूळ, खण आणि गुळाची एक अख्खी ढेप पुढे ठेवली. मंजुळा वाकून माझ्या पाया पडली. मुलीला आशीर्वाद देताना काय म्हणतात ते मला आठवेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरच्या साहेबांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि इथे माझ्या हातून देव आला म्हणून एक जिवंत, धडधाकट पोरगी माझ्या पायांवर डोके ठेवत होती. मला रडू आले. भंडारा डोळ्यांत गेला असे मी सांगितले.

देव आपटल्याचे प्रायश्चित्त मात्र चुकले नाही. पाच माणसांनी तळी उचलली, त्यांत एक मी. ताटात नारळ, पाने, भंडारा. तीनदा वर उचलायची आणि "येळकोट येळकोट" म्हणायचे. माझा आवाज सगळ्यांच्या मागून एकटाच आला, कारण सुरुवात डाव्या बाजूने झाली होती.

दुपारी तात्या मला पोचवायला निघाले. गाडीत मी आणि माझ्या मांडीवर ती ढेप. ऊन लागून ती घामेजत होती आणि माझ्या धोतराला चिकटत होती. कालव्यावर बैलांना पाणी पाजायला तात्यांनी गाडी थांबवली. मी क्षमा मागितली.

"चरक राहिला तुमचा."

"भाड्याचा हाय की," ते म्हणाले. मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगू का पाव्हणं? माज्यानं देव इकवला नसता. पोरगी डोळ्यासमोर हाय. म्हनूनच तुमास्नी आनलं. तुमी नाणं म्हनला आसता, तर तुमच्या नावावर इकून मोकळा झालो आसतो."

मी बंडीवरून हात फिरवला.

"तात्या," मी म्हणालो, "आणि मी तो तुमच्या नावावर घेऊन मोकळा झालो असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते हसू लागले. मीही हसलो. बैलांचे पाणी पिऊन झाले तरी आम्ही तसेच हसत होतो.